१ जूनचे आपण सगळे

आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १ जूनला सकाळी सहापासून जे केक आणि गुलाबाची फुलं सुरू होतात, ती रात्री अकरापर्यंत थांबत नाहीत. गेल्या वर्षी मी मुद्दाम मोजले. अकरा वाढदिवस निघाले, आणि अकराच्या अकरा जण पन्नाशीच्या पुढचे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका नातीने मला विचारलं, "आजोबा, तुम्ही सगळे एकाच दिवशी कसे काय जन्मलात?"

स्मरणिका समितीने मला 'परिसराचा इतिहास' या विषयावर लिहायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात माहुली किल्ला, सिद्धगडावरचे हुतात्मे, तानसा-भातसाची धरणं असं काहीतरी असणार. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर लिहितो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी ३७ वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे त्या अकरांच्या पापात माझा वाटा आहे.

जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराला घेऊन यायचा, पेरणीची घाई असायची. "जन्मतारीख?" म्हटलं की तो माझ्याच तोंडाकडे बघायचा. मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. आजच्या तारखेतून सहा वजा केले की झाली जन्मतारीख, १ जून. जनरल रजिस्टरला शाईने लिहिली, बापाने अंगठा उठवला, विषय संपला. हे फक्त आमच्याकडेच नव्हतं, सगळ्या महाराष्ट्रात गुरुजींनी हेच केलं. म्हणून तर दर वर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस सेवानिवृत्ती, असा नियम आहे.

पण गावात दुसरी नोंद नव्हती का? होती. हेच मला नोकरीत असताना नीट उमगलं नव्हतं.

आपला शहापूर तालुका जुन्या कागदांत कोळवण नावाने येतो. इंग्रजांच्या १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याच्यासोबत मोखाड्याचा पेटाही आहे. त्या काळातल्या गावात कोण जन्मलं, कोण गेलं याची बातमी पाटलाला पोचवणं हे वतनदार महारांच्या कामांपैकी एक होतं. ज्याला लिहायला शिकू दिलं नाही त्याच्या तोंडच्या बातमीवर हे रजिस्टर उभं होतं, हेही इथे लिहून ठेवायला हवं. लिहिणारे पाटील-कुलकर्णी, आणि लिपी बहुतेक मोडी. या जन्म-मृत्यूच्या वहीला लोक आजही 'कोतवाल बुक' किंवा 'नमुना १४' म्हणतात. आताच्या तलाठी दप्तरात नमुना १४ हा पाणीपुरवठ्याचा आहे, त्यामुळे कचेरीत नुसतं "चौदा नंबर द्या" म्हणू नका, गोंधळ होतो. जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर असं स्पष्ट म्हणा.

१८८६ साली जन्म-मृत्यू नोंदणीचा एक कायदा झाला होता, पण तो ऐच्छिक. खेड्यात त्याचा पत्ताही नव्हता. गावची वही चालत राहिली ती सरकारच्या सोयीसाठी. पटकी-देवीच्या साथी कळाव्यात, माणसं मोजता यावीत, एवढ्यासाठी. त्यात बाळाचं नाव नसायचं, कारण बारशाच्या आधीच नोंद व्हायची. मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात, तारीख. ज्याची नोंद त्यालाच कधी ती पाहावीशी वाटेल, असं लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलं नसणार.

स्वातंत्र्यानंतर एकेक वतन गेलं. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने संपली आणि तलाठी आला. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेलं. १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९६७ च्या कायद्याने वंशपरंपरेचा पोलीस पाटील जाऊन नेमणुकीचा आला. मग आला १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, आणि गावची नोंदवही ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे आली. म्हणजे माणूस १९७० नंतर जन्मलेला असेल तर ग्रामपंचायत, आधीचा असेल तर बहुधा तहसीलचा अभिलेख कक्ष, असा ढोबळ हिशेब धरावा.

या कायद्याची दोन कलमं मला फार उशिरा कळली. कलम १२ म्हणतं, नोंद झाली की खबर देणाऱ्याला दाखल्याची प्रत मोफत द्यायची. कलम १७ म्हणतं, कोणीही फी भरून नोंद शोधायला लावू शकतो आणि उतारा घेऊ शकतो. मृत्यूच्या उताऱ्यात मात्र मृत्यूचं कारण द्यायचं नाही, एवढी मृताची लाज कायद्याने राखली आहे. मी १९७५ साली नोकरीला लागलो तेव्हा दोन्ही कलमं अमलात होती. शाळेपासून ग्रामपंचायत चालत पाच मिनिटांवर. कान धरायला लावण्याऐवजी "जा, पंचायतीतून उतारा घेऊन ये" एवढं मी एकाही बापाला कधी म्हटलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. आपल्याच बी विंगमधल्या एका गृहस्थांची आहे, त्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नाव-गाव लिहीत नाही. १९७८ च्या जूनमध्ये दोघे भाऊ माझ्या शाळेत आले. थोरल्याला मी १ जून १९७१ घातली, धाकट्याला १ जून १९७२. धाकटा अंगाने थोराड, कान सहज धरला त्याने. पुढे शिकला, पोलीस भरतीची तयारी केली, धावण्यात पहिल्या पाचात असायचा. भरतीच्या वेळी कागदावरचं वय सात महिन्यांनी जास्त निघालं. रांगेतूनच परत आला. मग कारखान्यात लागला, संसार झाला, आपल्या सोसायटीत फ्लॅट घेतला.

२०१७ साली त्याची मुलगी बारावी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं. २००१ पासून आपल्याकडे जातीच्या दाखल्याची पडताळणी कायद्यानेच होते, आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आदिवासींसाठी ती तारीख ६ सप्टेंबर १९५०. बापाचा शाळेचा दाखला १९७८ चा, तो इथे चालेना. आजा शाळेची पायरीच चढला नव्हता. कागद गोळा करायला हा गावच्या ग्रामपंचायतीत गेला, तिथल्या ग्रामसेवकाने मन लावून जुनी रजिस्टरं काढली, आणि भलतंच सापडलं.

रात्री नऊ वाजता माझ्या दाराची बेल वाजली. हातात झेरॉक्स. "गुरुजी, हे बघा."

मुलगा. बापाचं नाव, आईचं नाव. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. तारीख १८ ऑगस्ट १९७३. म्हणजे मी त्याला साडेचौदा महिन्यांनी म्हातारा केला होता. भरतीच्या दिवशी तो वयात बसत होता. पुरावा त्याच्याच गावात कपाटात पडून होता, मागायचा असतो हे मात्र त्याला, त्याच्या बापाला आणि त्याच्या मास्तरला, तिघांनाही ठाऊक नव्हतं. शाळा सोडल्यावर दाखल्यावरची तारीख सहसा बदलता येत नाही, तेव्हा आता त्याचा उपयोगही नव्हता. तो काही बोलला नाही. ही पाणी घेऊन आली, तो पाणी प्याला आणि म्हणाला, "पोरीच्या कामाला तुम्ही याल का बरोबर? तुम्हाला कागदाची भाषा कळते."

गेलो. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, दोन्ही तालुके मला सारखेच. पहिल्या खेपेला "दप्तर जीर्ण आहे, सापडत नाही" असं तोंडी उत्तर. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून नेला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

हा दहा रुपयांचा अर्ज काही आपोआप आलेला नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. मागणी एवढीच की गावच्या कामाच्या हजेरीपटाच्या आणि बिलांच्या नकला आम्हाला द्या. आपल्याकडे अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणं केली आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा. यात माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. आणि लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे या कायद्यात नुसती नक्कल नाही, दप्तर स्वतः बसून पाहायचाही हक्क आहे. मी अर्जात तेच लिहिलं होतं.

साहेबांच्या देशातही हे सहज मिळालेलं नाही. ग्रॅहम गॅस्किन नावाचा मुलगा आई वारल्यावर लिव्हरपूलच्या नगर परिषदेच्या देखरेखीखाली वाढला. मोठा झाल्यावर त्याने स्वतःच्या बालपणाची फाईल मागितली. परिषदेने सगळी दिली नाही, कारण त्यात इतरांनी विश्वासाने लिहिलेलं होतं. तो थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. १९८९ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने सांगितलं की अशा वेळी द्यायचं की नाही हे ठरवणारं कोणीतरी तटस्थ हवं. आपल्याकडे मुलगा कोणाकडे वाढला हे गावाला तोंडपाठ असतं. पण गाव कमिटीपुढे पुरावा म्हणून नेता येत नाही.

तर, चौथ्या खेपेला आम्हाला आत बसवलं. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, त्यांची धूळ, आणि खिडकीशी एक लाकडी बाक. तिथला शिपाई भला माणूस. त्यानेच सुचवलं की एका तलाठ्याच्या सजात चार-पाच गावं असायची, तेव्हा शेजारच्या गावाचा गठ्ठाही बघा. दुपारी अडीचच्या सुमारास शेजारच्या गावाच्याच गठ्ठ्यात आमची वही निघाली. पण मोडी! ३७ वर्षं शिकवलेला मास्तर मी, आणि एक ओळ वाचता येईना. पानांच्या नकला घेतल्या, दोन रुपये पानाप्रमाणे. कल्याणच्या एका वृद्ध गृहस्थांनी भिंग लावून वाचल्या. आज्याची नोंद होती. मुलगा, बापाचं नाव, जात कुणबी, साल १९४१. पुढे रीतसर लिप्यंतर करून घेतलं, साक्षांकित प्रत जोडली, मुलीला वैधता मिळाली. पुढे २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या वेळी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, तेव्हा मला त्या बाकाची आठवण झाली.

मुलीने ते लिप्यंतर वाचून विचारलं होतं, "यात पणजीचं नाव कुठे आहे?" नव्हतं. घरातही कोणाला ठाऊक नव्हतं, 'थोरली आई' एवढंच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं, म्हणजे पुढच्यांची सोय झाली. थोरल्या आईचं नाव मात्र त्या वहीतही नाही.

आणखी एक. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा झाला आहे. आपल्या घरातल्या नातवंडांचे दाखले एकदा उघडून नावांची स्पेलिंगं बघा. भातसात ज्यांची घरं-शेतं गेली त्या घरांनी संपादनाच्या निवाड्याची नक्कलही काढून ठेवावी, प्रकल्पग्रस्त दाखल्याला तीच लागते. आणि आपल्या सोसायटीचं दप्तरही दप्तरच आहे बरं का. १९६० चा सहकार कायदा सभासदाला उपविधी, ताळेबंद, सभासद यादी, त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी फुकट पाहायचा आणि फी भरून नक्कल घ्यायचा हक्क देतो. पंचवीस वर्षांत असा अर्ज किती जणांनी केला हे चिटणीसांनी सांगावं. मी चिटणीस होतो त्या तीन वर्षांत एकही आला नाही.

त्या नातीला मी उत्तर दिलं ते असं, की आम्ही एका दिवशी जन्मलो नाही, एका दिवशी शाळेत गेलो. मी त्या अकरांतलाच. माझ्याही गुरुजींनी मला १ जून १९५४ घातली. आई म्हणायची, "तू म्हशाच्या जत्रेच्या आठवड्यात झालास, बाप बैल घ्यायला गेला होता." म्हसोबाची जत्रा पौष पौर्णिमेला, म्हणजे मी जानेवारीतला कुठला तरी. दिवाळीनंतर मी माझ्या गावच्या जुन्या रजिस्टरसाठी अर्ज टाकला आहे. बी विंगवाला बरोबर आला होता, फॉर्म त्यानेच भरला. अजून नक्कल आलेली नाही, पुढच्या सोमवारी बोलावलं आहे.