स्ट्रायकरचा भाव आणि कारंज्याचा कापूस

तर मंडळी, झालं असं की ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमच्या ऑफिसातल्या आठ टाळक्यांनी मिळून फँटसी फुटबॉलचा ड्राफ्ट केला. खेळाडू इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले आणि संघमालक हिंजवडीतले! प्रत्येकाकडे १०० खोटे रुपये, प्रत्येकाने ११ खेळाडू घ्यायचे, तेही बोली लावून. खऱ्या पैशाचा संबंध नाही. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची, बस.

मी तीन रात्री जागून एक्सेल केली होती. मागच्या तीन मोसमांचे गुण, सरासरी, दुखापती, सगळं. आणि एवढं करून काय केलं, तर यादीतल्या सगळ्यात भारी स्ट्रायकरसाठी ४६ रुपये मोजले. उरलेल्या ५४ मध्ये दहा जण भरायचे होते. शेवटचे चार तर मी असे घेतले की त्यांची नावं आजही मला नीट उच्चारता येत नाहीत. दिवाळीपर्यंत मी आठात सातवा होतो. पहिला कोण? टेस्टिंगमधला आमचा मित्र. त्याच्याकडे एक्सेल नव्हतीच, एक वही होती आणि त्यात तो सारखं काहीतरी खोडत होता. त्या वहीकडे नंतर येतो.

आधी माझी चूक. मी खेळाडूचे गुण मोजत होतो, खरं तर फरक मोजायला हवा होता. उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. समजा पहिल्या नंबरचा स्ट्रायकर मोसमात २०० गुण देतो आणि सगळ्यांच्या खरेदीनंतर जो फुकटात उरतो, तो १२० देतो. म्हणजे त्याची खरी कमाई ८०. समजा पहिल्या नंबरचा मिडफिल्डर २२० देतो, पण उरलेल्यातलाही १८० देतो. त्याची कमाई ४०. गुण मिडफिल्डरचे जास्त, मोल मात्र स्ट्रायकरचं दुप्पट.

आता याचे पैसे करू. आठ जणांचे मिळून ८०० रुपये. ८८ खेळाडू घ्यायचे आहेत आणि प्रत्येकाला किमान १ रुपया द्यावाच लागतो, म्हणून ते ८८ बाजूला काढले. राहिले ७१२. सगळ्या ८८ जणांच्या 'फरकांची' बेरीज समजा १७८० आली, तर फरकाच्या एका गुणाला ४० पैसे. स्ट्रायकरचा भाव ३२ अधिक १, म्हणजे ३३. मिडफिल्डरचा १७. आणि मी मोजले ४६! असो.

ही वजाबाकी माझा शोध नाही. १९६२ मध्ये ओकलंडच्या विन्केनबाख नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून या खेळाचे नियम लिहिले. हा अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे. १९६३ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला, तिथेही मालक आठच. पहिली निवड झाली जॉर्ज ब्लांडाची, दुसरी जिम ब्राउनची. त्याच मोसमात ब्राउन १,८६३ यार्ड धावला, तोवरचा विक्रम! म्हणजे पहिल्याच ड्राफ्टपासून लोक डोकं धरून बसलेत. पुढे १९८० मध्ये डॅनियल ओक्रंटने बेसबॉलसाठी पाळीपाळीने निवड करण्याऐवजी लिलाव आणला आणि प्रत्येकाला ठरावीक रक्कम दिली. मग १९९० च्या दशकात जो ब्रायंटने वर सांगितलेली वजाबाकी 'व्हॅल्यू बेस्ड ड्राफ्टिंग' या नावाने फुटबॉलवाल्यांमध्ये पसरवली.

हे सगळं वाचून शहाणा होऊन मी दिवाळीला घरी गेलो. आमचं गाव कारंजा लाड, जिल्हा वाशिम. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. आमचे मोठे बाबा सोयाबीन घेऊन यार्डात निघाले होते, म्हणून मीही गाडीत बसलो. वाटेत त्यांना माझी ४६ रुपयांची कहाणी सांगितली. पोट धरून हसले. म्हणाले, "लेका, तुह्या हातात किती पैसा हाय थे कायले मोजतं? बाकीच्याइच्या हातात किती उरला थे पाय!"

टेस्टिंगवाल्याच्या वहीत नेमकं हेच होतं. कोणाकडे किती उरले, कोणाचा स्ट्रायकर अजून घ्यायचा आहे. बाकी काही नाही.

यार्डात खरेदीदार ढिगाढिगाने पुढे सरकत होते, अडत्याचा माणूस बोली पुकारत होता. मोठ्या बाबांचं म्हणणं असं की पहिल्या ढिगांवर सगळे हात आखडता घेतात, मधे जोर येतो आणि शेवटी ज्यांची खरेदी झाली ते पान खायला निघून जातात. माल तोच, भाव वेगळा.

आणि ही अक्कल त्यांनी ज्या गावात कमावली, ते गाव काही साधंसुधं नाही. १८५३ मध्ये निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्यानंतर १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, तो आमच्या कारंज्यात. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाही आला. शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं हो!

अर्थात इंग्रजांना शेतकऱ्याचा पुळका आला होता असं नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता. उत्पादकाचं हित डोळ्यापुढे ठेवून केलेला कायदा यायला १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा उजाडावा लागला. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि आजच्या बाजार समित्यांचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा.

हे कायदे लागले कशाला? देशातल्या कितीतरी बाजारांत 'हत्ता' चालायचा. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, त्याला फक्त रुमाल दिसायचा! उघड्या लिलावात निदान बोली ऐकू येते. कोण थांबला, कोण अजून उभा आहे, हे कळतं. मोठ्या बाबांची मोजणी उघड्या लिलावातच चालते, रुमालाखाली नाही.

हाच हिशोब खऱ्या खेळाडूंचा, खऱ्या पैशांत बघायचा तर मुंबईला या. २० फेब्रुवारी २००८, आयपीएलचा पहिला लिलाव. संघ इथेही आठ, प्रत्येकाकडे ५० लाख डॉलर. धोनीसाठी मुंबई आणि चेन्नईची जुंपली आणि १५ लाखांवर तो चेन्नईला गेला. मुंबई का थांबली? नियम असा होता की 'आयकॉन' खेळाडूला संघातल्या सगळ्यात महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे. मुंबईचा आयकॉन सचिन. म्हणजे धोनीवर १ डॉलर वाढवला की मुंबईच्या खिशातून जाणार २ डॉलर १५ सेंट. धोनी १५ लाखांना घेतला असता तर सचिनला १७ लाख २५ हजार, दोघांचे मिळून ३२ लाख २५ हजार. उरलेल्या १७ लाख ७५ हजारांत अख्खा संघ! चेन्नईकडे आयकॉनच नव्हता. तोच धोनी, पण दोन संघांसाठी दोन वेगळे भाव. मुंबईने पुढे जयसूर्याला ९ लाख ७५ हजारांना घेतलं आणि सचिनचे झाले ११ लाख २१ हजार २५०. कॅल्क्युलेटर काढून बघा :)

आणि जिंकलं कोण? शेन वॉर्नला ४ लाख ५० हजारांत घेणारं राजस्थान. त्यांच्याकडे गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर होता. त्या लिलावात त्याचं नावही नव्हतं, पण ९ सामन्यांत ३११ धावा करून गेला. 'फुकटात उरणारा' किती चांगला असू शकतो हे ज्याला कळतं, तो महागड्यासाठी वेडा होत नाही.

आपल्या फुटबॉलमध्येही हे झालं. २०१४ च्या जुलैमध्ये मुंबईत इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट झाला, ८४ भारतीय खेळाडूंचा, पाळीपाळीने निवडीचा. १० जुलै २०१५ ला दहा खेळाडूंचा लिलाव झाला, तोही मुंबईत. सुनील छेत्रीची पायाभूत किंमत ८० लाख, मुंबईने १ कोटी २० लाखांना घेतला. दीडपट. युजेनसन लिंगडोहची २७.५ लाख, पुण्याने घेतला १ कोटी ५ लाखांना. जवळजवळ चौपट! छेत्री मोठा हे कागदावरही होतं. पण लिंगडोहसारखा मिडफिल्डर हातचा गेला तर दुसरा कुठून आणायचा, हे त्या खोलीत बसल्यावरच उमगलं असावं.

इथवर मी खूश होतो. सगळं एका वजाबाकीत बसत होतं. हा नाही मिळाला तर पुढचा कोण, एवढंच विचारायचं. पण हा प्रश्न मी फक्त घेणाऱ्याच्या बाजूने विचारत होतो.

त्या दिवशी मोठ्या बाबांचे दोन ढीग होते. पहिला गेला, त्यांच्या मनातल्यापेक्षा थोडा कमीच. दुसऱ्याला बोली आली ती आणखी खाली, ओलावा जास्त आहे म्हणून. त्यांनी मान हलवली आणि माल परत गाडीत भरायला सांगितलं. शेजारच्या ढिगाजवळचा माणूस मात्र आला तो भाव घेऊन मोकळा झाला. त्याचा ओलावाही तोच असावा. मी विचारलं, त्यांनी का दिला? मोठे बाबा म्हणाले, "त्याले उद्या उधारी देणं हाय. मले नाही. म्या आठ दिवस वाळवून इकू शकतो."

म्हणजे विकणाऱ्याचीही वजाबाकी असते. हा भाव नाही घेतला तर पुढे काय? ज्याच्याकडे माल घरी न्यायची ताकद आहे, त्याचा भाव वेगळा. ज्याच्याकडे नाही, त्याला उघडा लिलावही पुरेसा पडत नाही. १८८६ पासून बाजारावरचा रुमाल निघाला, वजनं सुधारली, पण उद्याची उधारी कुठल्या कायद्याने मिटली नाही. माझ्या एक्सेलमध्ये या गोष्टीला रकानाच नव्हता. आयटीत पगाराची बोलणी करताना दुसरी ऑफर हातात असली की आपला आवाज कसा बदलतो, हे आठवून बघा. आपण काही एका रात्रीत हुशार झालेले नसतो.

जानेवारीत आमचा पुन्हा ड्राफ्ट आहे. यावेळी लॅपटॉप नेणार नाही. एक वही, सात नावं आणि प्रत्येकापुढे उरलेले रुपये. मोठ्या बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आन् मिसळीचे पैसे खिशात ठेवजो, बाबू." त्यांचा दुसरा ढीग परवा गेला म्हणे. भाव विचारला तर नुसते हसले.