लडाखच्या कडाक्यात कोंबड्यांचं पाणी गोठू नये म्हणून ऊन कसं वापरतात?

आपल्याकडे कोंबड्यांच्या पाण्याची चिंता उन्हाळ्यात असते. लडाखमध्ये ती हिवाळ्यात असते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये जानेवारीत रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि उघड्या भांड्यातल्या पाण्याचा बर्फ होतो. पण तिथे हिवाळ्यातही ऊन लख्ख असतं. त्याचाच उपयोग करता येतो.

पाणी इतकं महत्त्वाचं का?

एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. अंड्याचाही जवळपास पाऊण भाग पाणीच असतो. पाणी मिळालं नाही, तर कोंबडी दाणे कमी खाते आणि अंडी घटतात.

उन्हाची पेटी कशी असते?

एक लाकडी पेटी घ्यायची. तळाला आणि तीन बाजूंना थर्मोकोल लावायचा. कोंबड्या तो टोचून खातात, म्हणून वरून प्लायवूडने झाकायचा. दक्षिणेकडची बाजू काचेची ठेवायची आणि आत काळं भांडं ठेवायचं. काचेतून आलेलं ऊन काळा रंग शोषून घेतो आणि आतली उष्णता सहज बाहेर पडत नाही. झाकणाला कोंबडीचं डोकं जाईल एवढंच भोक ठेवायचं.

काच जवळपास उभीच हवी. कारण २१ डिसेंबरच्या सुमारास लेहमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो.

मग रात्री काय?

रात्री ही पेटी पुरत नाही. पण तशी गरजही नसते, कारण कोंबड्या अंधारात पाणी पीत नाहीत. संध्याकाळी भांडं रिकामं करायचं आणि सकाळी कोमट पाणी भरायचं. तिथून पुढे ऊन ते सांभाळतं. ढगाळ दिवशी मात्र दोन-तीनदा पाणी बदलावं लागतं.

हे टाळा

- पिण्याच्या पाण्यात मीठ घालू नका. जास्त मीठ कोंबड्यांसाठी विषासारखं असतं.
- गाडीचं अँटिफ्रीझ पाण्याजवळही नेऊ नका. ते जीवघेणं आहे.
- भांड्यात मिठाच्या पाण्याची बाटली तरंगत ठेवण्यावर विसंबू नका. बाटलीतलं पाणी गोठलं नाही, तरी ते बाहेरच्या पाण्याला ऊब देत नाही.
- गवत पसरलेल्या खुराड्यात तापणारे बल्ब लावू नका. आग लागू शकते.