घुगऱ्या, उदो उदो आणि विदर्भाचा संघ

‘जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो’ ही म्हण मराठीत केवळ निंदेसाठी वापरली जाते. जिथे प्रसाद वाटला जातो तिथे जाऊन देवीचा जयजयकार करणारा भक्त खरा नव्हे, एवढे सांगून ती थांबते. हा भक्त आदल्या दिवशी कुठे होता, त्याला या देवीचे नाव तरी कुणी सांगितले होते काय, हा प्रश्न म्हणीच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत याच वृत्तीला सर्कशीच्या मिरवणुकीत बँड वाहून नेणाऱ्या गाडीवरून नाव पडले. एखादा हरता बेसबॉल संघ जिंकू लागला की जुने पाठीराखे नव्यांना ‘बँडवॅगनवर चढलेले’ म्हणून हिणवतात. शिकागो कब्ज या संघाने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळवले. मधल्या १०८ वर्षांत ज्यांनी पराभव सोसले त्यांना अखेरच्या महिन्यात निळी टोपी विकत घेणाऱ्यांचा राग यावा हे समजण्यासारखे आहे. आमच्या वाट्याला असे एक शतक आले नाही, परंतु साठ वर्षे आली. विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ च्या हंगामात रणजी करंडक स्पर्धेत उतरला आणि २०१७-१८ च्या हंगामात प्रथम विजेता ठरला. त्यापूर्वी त्याने उपांत्य फेरीचेही तोंड पाहिले नव्हते.

१ जानेवारी २०१८ नंतर विदर्भात या संघाचे जुने पाठीराखे फार झाले. आम्ही राहतो ती पवनी नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे ऐंशी-एक किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी आहे. इथेही ते निघाले. कुणी म्हणे, आम्ही पहिल्यापासून विदर्भाचेच. पहिल्यापासून म्हणजे केव्हापासून, असे विचारणे असभ्यपणाचे होते, म्हणून कुणी विचारले नाही. हा निबंध त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे, आणि तो विचारताना कुणाची उलटतपासणी करण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न साधनांचा आहे: हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांचा इतिहास कशावरून लिहायचा?

पवनीत हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी इथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली दडलेला स्तूप उजेडात आला, आणि त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे मिळाली. कुणी खांब दिला, कुणी आडवी शिळा. दोन हजार वर्षांनंतर आपण म्हणू शकतो की अमुक मनुष्य या श्रद्धेच्या पाठीशी होता, कारण त्याने पदरमोड केली आणि ती कोरून ठेवली. योगायोग असा की याच हंगामात, ऑक्टोबर १९६९ मध्ये, नागपूरने पहिला कसोटी सामना पाहिला. न्यूझीलंडने भारताला १६७ धावांनी हरवले. त्या सामन्याचे धावफलक आज कुणालाही चटकन काढता येतात. परंतु त्याच सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर विदर्भ रणजीचा सामना हरत असताना कठड्यावर कोण बसले होते, याची नोंद कुठेही नाही. धावफलकात खेळणाऱ्यांची नावे असतात, पंचांची असतात. पाहणाऱ्यांचा रकाना नसतो.

जिंकणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांचे तसे नसते. त्यांच्या आठवणी छापल्या जातात. मराठीतले क्रिकेटविषयक ललित लेखन काढून पाहावे. शिवाजी पार्क, दादर युनियन, कांगा लीगचे पावसाळी सामने, ब्रेबोर्नचा स्टँड, अमक्या इराण्याकडला चहा, हा त्याचा भूगोल. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. म्हणजे विदर्भाने पदार्पण केले त्याच्या पुढच्याच वर्षी ही मालिका सुरू झाली. पाच पिढ्यांना पुरेल एवढी मौखिक परंपरा त्या पंधरा वर्षांनी निर्माण केली, आणि ज्यांना लेखणी चालवता येत होती असे बरेच पाठीराखे मुंबईत होते. भंडारा जिल्ह्यातल्या शाळकरी मुलाने क्रिकेट हा विषय मराठीत वाचला तो असा. त्याने शिवाजी पार्क कधी पाहिले नव्हते, पण तिथल्या खेळपट्टीवर सकाळी चेंडू कसा वळतो हे त्याला ठाऊक होते. विदर्भाच्या संघातली अकरा नावे त्याला सांगता आली नसती. सांगणार कोण? वर्तमानपत्रात विदर्भाचा पराभव चार ओळींत येई आणि गावसकरांच्या शतकाला चार स्तंभ मिळत.

तेव्हा पवनीचा तो मुलगा मुंबईचा पाठीराखा झाला, यात त्याने घुगऱ्या पाहून उदो उदो केला असे म्हणता येईल काय? म्हणता येईल, कारण मुंबई जिंकत होती. पण त्याची आवड वाऱ्याबरोबर फिरणारी नव्हती. ती तीस-तीस वर्षे टिकली. परक्या संघावरची, वाचनातून आलेली, तरीही अत्यंत चिवट अशी ही निष्ठा होती. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अपरिचित वाटू नये. पुण्या-मुंबईच्या चाळीवाड्यांच्या कथा वाचून वाढलेल्या झाडीपट्टीतल्या वाचकाने त्या चाळी आपल्या मानल्याच होत्या. क्रिकेटचे निराळे कशाला असेल?

३१ ऑक्टोबर १९८७ चा दिवस घ्या. विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध नागपूरला चेतन शर्माने त्या स्पर्धेच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक घेतली, आणि गावसकरांनी आपल्या कारकिर्दीतले एकमेव एकदिवसीय शतक झळकावले. पूर्व विदर्भात त्या सामन्याला ‘मी होतो’ म्हणणारे इतके भेटतात की ते सर्व त्या मैदानात मावले असते की नाही याची शंका यावी. तारखेचा योगही पाहण्यासारखा आहे. ३१ ऑक्टोबर ही कर्नल सी. के. नायडूंची जन्मतारीख. ते १८९५ साली नागपुरात जन्मले, भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे १९३२ मध्ये कर्णधार झाले; पण त्यांचे नाव जोडले गेले ते होळकरांच्या इंदूरशी. नागपूरने आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू असा इंदूरला दिला आणि त्याच नागपूरने मुंबईच्या सर्वश्रेष्ठ फलंदाजाला डोक्यावर घेतले. स्वतःच्या संघासाठी त्या शहराकडे, आणि आमच्यासारख्या त्याच्या परिसरातल्या गावांकडे, फारसे काही उरले नव्हते.

इथे राजकारणाचा एक धागा आहे, तो क्रिकेटवाले सहसा उचलत नाहीत. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. ते झाले नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. परंतु क्रिकेटच्या नकाशावर हे विलीनीकरण कधी झालेच नाही. रणजी करंडकात महाराष्ट्राचा संघ वेगळा, मुंबईचा वेगळा, विदर्भाचा वेगळा. इतकेच नव्हे, तर पहिले दोन पश्चिम विभागात आणि विदर्भ मध्य विभागात, म्हणजे उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश आणि रेल्वे यांच्या पंक्तीला. वेगळ्या विदर्भाची मागणी करणाऱ्यांना जे राज्य मिळाले नाही ते धावफलकावर १९५७ पासून अस्तित्वात होते. आणि मौज अशी, की त्या मागणीच्या सभांना गर्दी होत असे त्या काळातही या एकमेव विद्यमान विदर्भाचा सामना पाहायला माणसे जात नसत. प्रदेशाचा अभिमान आपोआप संघाच्या पाठीशी येऊन उभा राहतो, ही समजूत आम्हांस यामुळे खोटी वाटते. अभिमानालाही वर्णन लागते, कुणीतरी सांगितलेली गोष्ट लागते. ती नव्हती.

विभागवार रचनेमुळे विदर्भाची मुंबईशी गाठही क्वचितच पडे. त्यामुळे आमच्या मुंबईप्रेमी पवनीकराला निवड करण्याची वेळच आली नाही. त्याचे दोन संघ दोन निरनिराळ्या जगांत खेळत होते आणि त्यातले एक जग त्याला दिसत नव्हते. २००२-०३ पासून स्पर्धेची एलिट आणि प्लेट अशी प्रतवारी झाली, तेव्हा विदर्भ बराच काळ प्लेटमध्ये राहिला. याही काळात काही मंडळी संघाबरोबर राहिलीच असणार. मैदानावर गवत कापणारे, गुण मांडणारे, खेळाडूंचे नातलग, आणि ज्यांना घरी करमत नाही असे निवृत्त कारकून. त्यांची संख्या सांगता येत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये उमेश यादव कसोटी खेळला, विदर्भाकडून तिथवर पोचलेला तो पहिला. कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा वेगाने चेंडू टाकतो, ही गोष्ट मात्र लगेच सर्वतोमुखी झाली. गोष्ट मिळताच ऐकणारे मिळाले.

डिसेंबर २०१७ मध्ये जे घडले ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आम्ही त्याला योगायोगांचा अतिरेक म्हणून दोष दिला असता. कर्नाटकाने मुंबईला उपांत्यपूर्व फेरीत डावाने हरवले, तेही नागपुरात. म्हणजे मुंबईच्या वैदर्भीय पाठीराख्याचा संघ त्याच्या अंगणात बाद झाला. पुढल्याच फेरीत कोलकात्याला विदर्भाने कर्नाटकाला ५ धावांनी हरवले. १९८ धावांचे लक्ष्य होते, कर्नाटक १९२ वर संपला, आणि रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ बळी घेतले. अंतिम सामना दिल्लीविरुद्ध, आणि तो इंदूरच्या होळकर मैदानावर. गुरबानीने तिथे हॅट्ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या, विदर्भाचा डाव ५४७ पर्यंत गेला आणि सामना ९ गडी राखून चौथ्या दिवशी संपला. नायडूंचे देणे इंदूरने फेडले, असे आमच्यातले एक भावुक गृहस्थ म्हणाले. हिशोब जमत नाही, पण राहू द्यावे.

या विजयात मुंबईचा वाटा होताच. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, आणि २०१५-१६ पासून विदर्भाकडे आलेला वसीम जाफरही मुंबईचा. जुना मुंबईप्रेमी म्हणू शकत होता की मी बाजू बदललीच नाही, माझी माणसे इकडे आली. आणि जाफरने मार्च २०१८ मध्ये जामठ्याला इराणी करंडकात २८६ धावा काढल्या तेव्हा त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण झाले. कर्णधार फैज फजलने मात्र २००३-०४ मध्ये विदर्भाकडून पदार्पण केले होते आणि त्या विजयी हंगामात ९१२ धावा काढल्या. प्लेटचे दिवस ज्याने बॅट हाती घेऊन काढले त्याला गाडीवर चढलेल्यांचा राग आला असता तरी चालले असते. तो कधी तसे बोलल्याचे आमच्या वाचनात नाही.

सारांश, जुने पाठीराखे म्हणवणारे अनेकजण खोटे बोलत होते, पण ते खोटे कुठून आले हे पाहिले पाहिजे. त्यांना मागच्या साठ वर्षांत आपण असायला हवे होतो असे अचानक वाटू लागले. ज्या आठवणी नव्हत्या त्या त्यांनी उसन्या घेतल्या. शिवाजी पार्कच्या आठवणीही त्यांनी अशाच उसन्या घेतल्या होत्या, तेव्हा त्यांना कुणी लबाड म्हटले नाही; वाचक म्हटले. नव्या पाठीराख्यात नीतीची उणीव आहे असे मानण्यापेक्षा त्याच्याकडे आठवणींची उणीव आहे असे आम्ही मानतो. ही उणीव काळाने भरून निघू शकते. मात्र त्यासाठी संघाने अधूनमधून हरणे आवश्यक असते.

विदर्भ हरलाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून करंडक राखल्यावर मधली काही वर्षे कोरडी गेली. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर अंतिम सामना आला तो मुंबईशीच. ५३८ धावांचे अशक्य लक्ष्य, वाडकरचे शतक, ३६८ वर डाव संपला, १६९ धावांनी पराभव. मुंबईचे बेचाळिसावे अजिंक्यपद. आमच्या मते पवनीतल्या निष्ठेची खरी वाटणी त्या पाच दिवसांत झाली. चाळीस वर्षांचा मुंबईप्रेमी आणि सहा वर्षांचा विदर्भप्रेमी एकाच माणसात भांडताना आम्ही पाहिले आहेत. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नागपुरात उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले, तेव्हा बहुतेकांचे भांडण मिटलेले होते.

खेळाडू तोवर इकडचे तिकडे झाले होते. २०१७ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाविरुद्ध १५३ धावा काढणारा कर्नाटकाचा करुण नायर, आणि त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात १४५ काढणारा दिल्लीचा ध्रुव शोरी, दोघेही विदर्भाकडे येऊन खेळत होते. अंतिम सामना केरळशी, जामठ्याला. दानिश मालेवारने १५३ काढल्या, नायरने ८६ आणि १३५. विदर्भाचे ३७९, केरळचे ३४२, आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर २ मार्च २०२५ रोजी तिसरे अजिंक्यपद. परंतु केरळच्या त्या ३४२ मध्ये ७९ धावा आदित्य सरवटेच्या होत्या. याच मैदानावर २०१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी ११ बळी घेऊन, पुजाराला दोन्ही डावांत बाद करून, ज्याने करंडक राखून दिला तो सरवटे आता समोरच्या बाजूने विदर्भाची आघाडी रोखत होता.

तो खेळत असताना आम्ही काहीजण मोबाइलच्या एका पडद्याभोवती जमलो होतो. २०१८ नंतरच्या भरतीतला एक तरुण त्याच्या प्रत्येक बचावावर चडफडत होता. शेवटी त्याने पडद्यावरचे नाव वाचले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले, ‘‘हा सरवटे आपल्या नागपूरचाच ना जी?’’

‘‘हो ना बापू,’’ म्हातारा म्हणाला, आणि पुढच्या चौकाराला त्याने हात मांडीवरच ठेवून, आवाज होणार नाही अशा बेताने, दोन टाळ्या वाजवल्या.