कोर्टाच्या पायरीवरील मदतनीस

दापोडीस पवना नदी मुळेला मिळते. पुढें पुण्याच्या संगमावर मुळेला मुठा भेटते आणि दोघींचें पाणी एक होऊन येरवड्याकडे जातें. ही वाट अवघ्या कांहीं मैलांची. परंतु महाराष्ट्रांतील न्यायव्यवस्थेच्या दोन शतकांच्या खुणा तिच्या कांठीं पसरलेल्या आहेत. दापोडीस पेशव्यांच्या पलटणीचा इंग्रज कप्तान फोर्ड याची छावणी होती. संगमावर रेसिडेंट एल्फिन्स्टन याचें निवासस्थान होतें. तेथून जवळच शिवाजीनगरास आज जिल्हा न्यायालय आहे, आणि येरवड्यास १८७१ पासून मध्यवर्ती तुरुंग उभा आहे. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तिहींच्या मध्यें सांपडलेल्या सामान्य माणसाला वाट कोण दाखवितो, या प्रश्नाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. वकिलीची सनद न घेतां कायद्याचें साहाय्यक काम शिकणारे आणि फौजदारी न्यायाचा अभ्यास करणारे जे तरुण-तरुणी आज दापोडी, पिंपरी, चिंचवड, चाकण या टापूंत आहेत, त्यांनीं तो अवश्य समजून घ्यावा. कारण तो त्यांच्याच धंद्याचा पूर्वेतिहास आहे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. फोर्डची पलटण पेशव्यांच्या पगारावर असूनही दापोडीहून निघून इंग्रजांस मिळाली, आणि लवकरच पुण्याची सत्ता पालटली. नव्या मुलखाची व्यवस्था एल्फिन्स्टनकडे आली. त्यानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला त्यांत पंचायतीच्या न्यायाचे दोष झांकून ठेवले नाहींत. विलंब, अनियमितपणा, वजनदार माणसांची दडपणें, सर्व त्यानें नमूद केलें. तरीही लोकांचा पंचायतीवर विश्वास आहे हें ओळखून दिवाणी तंट्यांत ती शक्य तों चालूं ठेवावी असेंच त्याचें धोरण होतें. त्या विश्वासाचें कारण उघड आहे. पंचायतींत वादी व प्रतिवादी आपल्या भाषेंत, आपल्या तोंडानें बोलत. समोर बसलेले पंच त्यांच्या ओळखीचे असत.

१८२७ सालीं मुंबई इलाख्याचे लेखी कायदे झाले. फौजदारी न्यायालयांचा एक, गुन्हे व शिक्षा यांचा दुसरा, अशीं निरनिराळीं कलमबद्ध विधानें त्यांत होतीं. राजाची किंवा अंमलदाराची मर्जी बाजूस सरून लिहिलेला नियम आला, हा मोठाच लाभ होय. त्याच सुमारास माल्कम गव्हर्नर झाला, व त्याच्या कारकीर्दींत फोर्डचा दापोडीचा बंगला सरकारनें घेऊन तो गव्हर्नराच्या पावसाळी मुक्कामाचें ठिकाण केला. दापोडीच्या शेतकऱ्याला गव्हर्नराची बग्गी रोज दिसूं लागली; पण न्याय मात्र त्याच्यापासून एक पाऊल दूर गेला. आतां अर्ज लागे, मुद्रांक लागे, मुदत पाळावी लागे. ज्याला अक्षर येत नाहीं त्यानें काय करावें? या अडचणींतून कोर्टाच्या पायरीवर एक नवा मनुष्य येऊन बसला. तो अर्ज लिहून देई, कोणत्या कारकुनाकडे जावें तें सांगे, तारीख लक्षांत ठेवी. त्याला कोणी अर्जनवीस म्हणत, कोणी मुखत्यार.

या मनुष्याचे पुढें दोन वंश झाले. एक खऱ्या मदतनिसाचा. दुसरा दलालाचा, जो गांजलेल्या पक्षकाराला फितवून ठराविक वकिलाकडे नेई व दोहोंकडून पैसे उपटी. १८७९ च्या कायद्यानें वकील व मुखत्यार यांस नियमांत बांधलें, आणि १८९६ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन अशा दलालांच्या याद्या न्यायालयांत लावण्याची तरतूद करावी लागली. कायद्याची माहिती दोघांजवळही सारखीच होती. माहिती कोणासाठीं वापरावयाची, एवढाच दोघांत फरक.

१८७९ हेंच सालीं पुण्यास वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. ज्याच्या नांवाचा उच्चार करण्यास लोक भीत होते अशा आरोपीचें वकीलपत्र सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी यांनीं घेतलें. सभेचे पुढारी म्हणून सरकारचा आधींच त्यांच्यावर डोळा होता. शिक्षा टळली नाहीं. फडके यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली व एडनला नेण्यांत आलें. दुसऱ्याच वर्षीं जोशी वारले. परंतु आरोप कितीही भयंकर असो, आरोपीच्या बाजूस एक जाणता मनुष्य उभा असलाच पाहिजे, हें तत्त्व पुण्याच्या न्यायालयांत त्यांनीं आचरून दाखविलें.

दुसरें उदाहरण कॉर्नेलिया सोराबजी यांचें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ सालीं तेथील कायद्याची परीक्षा उतरल्या. तरीही स्त्री म्हणून वकिलीचें दार त्यांना बंद होतें. तें १९२३ च्या कायद्यानें उघडलें. मधल्या काळांत त्या स्वस्थ बसल्या नाहींत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सेवेंत राहून, पडद्याबाहेर न येणाऱ्या विधवांचीं व अल्पवयी वारसांचीं गाऱ्हाणीं ऐकून तीं सरकारपर्यंत पोंचविण्याचें काम त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. सनद नसतांना कायद्याची सेवा किती करतां येते याचा हा वस्तुपाठच होय.

२६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदानें अटकेचें कारण जाणण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आंत, प्रवासाचा वेळ वगळून, माजिस्ट्रेटापुढें हजर केलें जाण्याचा हक्क दिला. परंतु कागदावरचा हक्क कोठडीपर्यंत चालत जात नाहीं. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें महाराष्ट्रांतील एका कैद्याचें प्रकरण आलें. तें होसकोट खटला म्हणून प्रसिद्ध आहे. निकालाची नक्कल आपल्याला वेळेवर मिळालीच नाहीं, म्हणून अपिलास वर्षानुवर्षें उशीर झाला, अशी त्याची तक्रार होती. नक्कल दिली होती, असें तुरुंगाचें म्हणणें. पण कैद्याची पोंच कोठेंच नव्हती! त्याचें अपील फेटाळलें गेलें. मात्र न्यायालयानें नियम घालून दिला कीं, निकालाची नक्कल कैद्याला विनामूल्य व वेळेवर द्यावी, तिची लेखी पोंच घ्यावी, आणि गरीब कैद्याला अपिलासाठीं सरकारी खर्चानें वकील मिळावा. एका सहीच्या अभावीं केवढा वाद उद्भवला, हें कायद्याच्या साहाय्यकानें जन्मभर विसरूं नये.

पुढें १९८३ सालचा शीला बर्से यांचा खटला. त्या वकील नव्हत्या, पत्रकार होत्या. मुंबईच्या तुरुंगांतील पंधरा स्त्री-कैद्यांना त्या भेटल्या. त्यांपैकीं पांचजणींनीं पोलीस कोठडींत मारहाण झाल्याचें सांगितलें. त्यांनीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें आणि न्यायालयानें तें पत्रच अर्ज मानलें. स्त्रियांसाठीं निराळी कोठडी व स्त्री-पहारेकरी असावे, चौकशी स्त्री-पोलिसांच्या समक्ष व्हावी, अटक होतांच जवळच्या विधिसाहाय्य समितीस कळवावें, माजिस्ट्रेटानें आरोपीस छळाविषयीं स्वतः विचारावें, असे आदेश त्यांतून निघाले. वकिलाचा झगा नसलेल्या एका स्त्रीनें शांतपणें विचारलेले प्रश्न आणि नीट टिपून घेतलेलीं उत्तरें, एवढ्यावर हें घडलें.

विधिसेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ सालीं झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडींत असलेले लोक आणि औद्योगिक कामगार यांना, उत्पन्न कितीही असलें तरी, विनामूल्य वकील मिळूं शकतो. जेथें एस.टी.चा मोठा कारखाना आहे आणि घरोघर कामगार राहतात, त्या दापोडींत ही एक ओळ किती जणांस ठाऊक आहे? ती ठाऊक करून देण्यासाठींच राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणानें २००९ सालीं विधि-स्वयंसेवकांची योजना काढली. शिक्षक, विद्यार्थी, अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर दीर्घ शिक्षा भोगणारा, चांगल्या वर्तणुकीचा, शिकलेला कैदीही तींत घेतां येतो. कायद्याच्या मदतीसाठीं १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

या विद्यार्थ्यांना ताजी वार्ता अशी कीं, १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. म्हणून पाठ केलेलीं जुनीं कलमें तपासल्यावांचून कोणास सांगूं नयेत. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणें गुन्हा कोणत्याही हद्दींत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यांत द्यावयास मुभा आहे, आणि नोंदलेल्या फिर्यादीची प्रत फिर्यादीस फुकट मिळते. कलम ४७९ प्रमाणें, फांशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्हे वगळतां, सर्वांत मोठ्या शिक्षेच्या निम्म्या मुदतीइतका काळ कच्च्या कैदेंत गेला असतां जामिनाचा विचार होतो. पूर्वीं कधीं दोषी न ठरलेल्यास एक-तृतीयांश मुदत पुरे आहे. मात्र एकाहून अधिक गुन्ह्यांचे खटले चालूं असतील तर ही सवलत मिळत नाहीं. हा हिशेब वर्षांत आणि महिन्यांत करावा लागतो. तो अचूक करणारा एक विद्यार्थी तुरुंगाच्या वहीशीं पडताळा घेऊन बसला, तर एखाद्या विसरलेल्या माणसाचें घर पुन्हा उघडेल.

दोन शतकांच्या या अनुभवांतून विद्यार्थ्याला जो उपदेश मिळतो तो थोडक्यांत असा. अटक कोणत्या दिवशीं व किती वाजतां झाली हें प्रथम लिहावें. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोंच घ्यावी. चाकणच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेला कामगार मराठी जाणत नसेल, तर त्याच्या भाषेंत वाचून दाखविल्याशिवाय कशावरही त्याची सही घेऊं देऊं नये. ऐकलेली गोष्ट आपल्यापाशीं ठेवावी. ती चहाच्या दुकानांत बोलूं नये. फिर्यादी असो वा आरोपी, दोघांशींही सारख्याच सभ्यतेनें बोलावें. आपण वकील नाहीं हें पहिल्याच भेटींत सांगावें, खटला जिंकून देण्याचें वचन देऊं नये, आणि गरजूला योग्य वकिलापर्यंत पोंचविल्याबद्दल कोणाकडूनही पैसा घेऊं नये. या शेवटच्या नियमाशीं ज्याची तडजोड झाली, तो १८९६ च्या यादींतल्या माणसांचा वारस ठरला.

पंचायतीपुढें मनुष्य आपल्या तोंडानें बोलत असे. न्यायालयाची भाषा अवघड झाल्यापासून त्याला दुभाषी लागतो. तो दुभाषी प्रामाणिक असेल, तर दापोडीहून संगमाच्या न्यायालयापर्यंतचा रस्ता गरिबालाही चालतां येईल. आणि येरवड्याच्या दरवाज्याआड केवळ अज्ञानापायीं कोणी पडून राहणार नाहीं.