आधी हात, मग खेळ

मंडळी, या वीकेंडला चक्क बेसबॉल. दचकू नका, नियम समजावत बसणार नाही. मुद्दा वेगळाच आहे.

२००८ साली जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन एजंटने भारतात 'मिलियन डॉलर आर्म' ही स्पर्धा घेतली. जो वेगात आणि नेमका चेंडू फेकेल तो जिंकला, इतकं सरळ. आपल्याला वाटेल, क्रिकेटचा एखादा फास्ट बोलर बाजी मारणार. पण जिंकला रिंकू सिंग आणि त्याच्या मागे आला दिनेश पटेल. दोघंही उत्तर प्रदेशातल्या गावांतले, लखनौच्या गुरु गोविंदसिंग स्पोर्ट्स कॉलेजात भालाफेक करणारे. बेसबॉलशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. मग त्यांना अमेरिकेत नेलं, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात टॉम हाउस या कोचने घासून तयार केलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत, पण असा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. रिंकू तर पुढे २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात उतरला. भाला, बेसबॉल, कुस्ती!

थोडक्यात, आधी हात असतो, खेळ नंतर सापडतो.

आपल्याकडचं जुनं उदाहरण हवंय? नंदू नाटेकर. १९३३ साली सांगलीत जन्म. आधी ते टेनिस खेळायचे. १९५१-५२ मध्ये कलकत्त्याला ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला पोचले आणि रामनाथन कृष्णनकडून हरले. हाच कृष्णन पुढे १९६० आणि १९६१ ला विम्बल्डनच्या सेमीफायनलला गेला, त्यामुळे हरण्यात लाज काहीच नव्हती. नाटेकरांनी रॅकेटच बदलली. १९५६ मध्ये सेलांगरची स्पर्धा जिंकून बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. टेनिसलाच चिकटून बसले असते तर? कृष्णनकडून हरलेला एक बरा खेळाडू, एवढीच ओळख उरली असती कदाचित.

अमेरिकेतल्या शाळांनी ही सोय वर्षाच्या कॅलेंडरमध्येच बसवलीय. पानगळीत फुटबॉल, थंडीत बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल. हंगाम वेगवेगळे, म्हणून एकच पोरगा तिन्ही संघांत असू शकतो. कॉलेजच्या बेसबॉल संघाचं दार ठोठावेपर्यंत त्याचे पाय, हात, डोळे सगळं तपासून झालेलं असतं. आपल्या भाषेत, आधी टेस्टिंग, मग रिलीज.

आता या नजरेने जव्हारकडे बघू. वीकेंडला तिकडे गेलेल्यांनी शिरपामाळ बघितलंच असेल. १६६४ मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशहा राजाने त्यांना मानाचा शिरपेच दिला, म्हणून हा शिरपामाळ, असं सांगतात. आपण फोटो काढतो, दाभोसा धबधबा बघतो आणि परततो. या माळाच्या आसपासच्या पाड्यांवरच्या पोरांचंही वर्ष हंगामांत वाटलेलं असतं, पण वेगळ्या. पावसात भात आणि नागली. कापणी झाली की कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरंही सोबत. या कॅलेंडरमध्ये खेळाला रकानाच नाही.

मोखाड्यावरून पुढे नाशिक जिल्ह्यात शिरलं की हरसूल भागात सावरपाडा लागतो. कविता राऊतचं गाव. लांबून पाणी आणणारी, अनवाणी धावणारी ही मुलगी धावण्याकडे वळली, कारण त्याला सामान लागत नाही, अगदी बूटसुद्धा. नाशिकला विजेंदर सिंग यांच्यासारखा कोच भेटला आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ब्राँझ मिळालं. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये सिल्व्हर. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव उगाच नाही पडलं.

आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्यासमोर खेळ एकच होता, आणि तो तिच्या पायांना जुळला. शेजारच्या पाड्यावर गोफणीने पाखरं हाकणारं एखादं पोरगं असेल, त्याच्या हाताचं काय? तो हात भाल्याचा की बेसबॉलचा, हे त्याला स्वतःला तरी कसं कळणार?

जव्हारला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, तालुक्यात आश्रमशाळा आहेत. शाळेचं सबंध वर्ष पोर एका जागी राहतं ते तिथेच. कबड्डी, खो-खो, धावण्याच्या स्पर्धा तिथे होतात, म्हणजे पाया आहे. त्यात हंगामानुसार भाला, सॉफ्टबॉल, बॅडमिंटन यांतलं काही घालायला डोंगर फोडावा लागणार नाही. सगळे काही नाटेकर होणार नाहीत. पण दुसरी रॅकेट हातात घेऊन बघायची संधी सांगलीच्या पोराला मिळाली, ती शिरपामाळच्या पोरालाही मिळायला काय हरकत आहे?