हुई के नहीं हुई? – तलाकच्या एका प्रश्नाचा इतिहास

मेहकर तालुक्यातले हिवरा आश्रम हे गाव लोकांना ठाऊक आहे ते विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादामुळे. 2004 च्या उन्हाळ्यात तिथे एक बाप आपल्या लेकीला घेऊन आमच्याकडे आला. जावयाने पाठवलेला स्टॅम्पपेपर त्याने पुढे केला. तीन महिन्यांपूर्वी अमुक तारखेला आपण तलाक दिला असून मेहर व इद्दतीचा खर्च पाठवून देऊ, एवढाच मजकूर. बापाने एकच विचारले, "भाई, हुई के नहीं हुई?"

मेहर, पोटगी, मुले कुणाकडे, हे सारे प्रश्न या एका प्रश्नाच्या पाठीमागे रांगेत उभे असतात. त्यामुळे आधी त्याचाच इतिहास पाहणे भाग आहे.

या प्रश्नाला आपल्याच मुंबई हायकोर्टाने शतकाच्या अंतराने दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. पहिले 1905 चे, साराबाई विरुद्ध राबियाबाई या दाव्यातले. पतीने काझी व साक्षीदारांसमोर तलाक उच्चारला, तलाकनामा लिहिला आणि पुढे तो वारला. असा एका दमाचा तलाक धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाईट असला तरी कायद्यात चालतो, असे कोर्टाने म्हटले. इंग्रजी न्यायाधीशाचे हे मत वकिलांच्या पुस्तकांतून इतके मुरले की पुढे तेच शरीअत म्हणून मिरवू लागले. सूरह निसाच्या 35 व्या आयतीत पतीकडचा एक आणि पत्नीकडचा एक असे दोन पंच नेमून समेट घडवायला सांगितले आहे. ते पंच मात्र पुस्तकांतून गळाले.

स्त्रीची बाजू आणखी बिकट होती. हनफी फिकहनुसार नवरा परागंदा झाला तरी बायको अडकूनच राही. पंजाबात काही स्त्रियांनी निव्वळ सुटकेसाठी धर्म सोडल्याचे दावे कोर्टात येऊ लागले, तेव्हा उलेमा हादरले. मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी पंथाचा आधार घेऊन वाट दाखवली. त्यातून 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे खर्च देत नसेल, छळ करीत असेल, तर स्त्रीला कोर्टातून सुटका मागता येते. शरीअत बदलत नाही म्हणणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे. एका मजहबाची अडचण दुसऱ्या मजहबाने सोडवली आणि ती सोडवणारे मौलवीच होते. याखेरीज मेहर परत करून वा सोडून खुला मागणे आणि दोघांनी राजीखुशीने मुबारात करणे हे मार्ग आधीपासून आहेतच. खुला म्हणजे बाईची बेअदबी, ही समजूत कुठून आली कोण जाणे.

महाराष्ट्रात हा प्रश्न रस्त्यावर आणला हमीद दलवाईंनी. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चाने गेल्या. सातच, पण त्यांना पाहून किती जणांची झोप उडाली! 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंची सगळीच मते आम्हाला पटतात असे नाही, पण त्या बायका खऱ्या होत्या.

आता दुसरे उत्तर. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने मे 2002 मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या लातूरच्या प्रकरणात निकाल दिला. बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याने कैफियतीत 'मी आधीच तलाक दिला आहे' असे लिहून मोकळे व्हायचे, ही तोवरची रीत. कोर्टाने सांगितले, लिहिले म्हणून झाला असे नाही. कारण काय होते, दोन्हीकडच्या पंचांनी समेटाचा प्रयत्न केला का, तलाक खरोखर उच्चारला का, हे इतर कोणत्याही गोष्टीसारखे पुराव्याने सिद्ध करा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शमीम आरा खटल्यात सुप्रीम कोर्टानेही हेच धोरण धरले. शाहबानोवर जेवढी शाई सांडली तिच्या शंभरावा हिस्साही या लातूरच्या निकालावर सांडलेली नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

त्यानंतर 22 ऑगस्ट 2017 रोजी एका दमाचा तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला आणि 2019 च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. इद्दत पाळून, सलोख्याची सवड ठेवून दिलेला तलाक त्यात येत नाही, हे पुष्कळांना अजून माहीत नाही. पोटगीचे म्हणाल, तर इद्दतीच्या मुदतीत पत्नीच्या पुढील आयुष्याचीही वाजवी तरतूद करायची, हे 2001 मध्येच दानियल लतीफी खटल्यात ठरले. तलाकशुदा स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी कायद्यानेही पोटगी मागता येते, हे जुलै 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट झाले.

त्या संध्याकाळी हे सारे सांगायला वेळ नव्हता आणि यातले बरेचसे घडायचेही होते. आम्ही बापाला फक्त विचारले, तुमच्याकडून समेटाला कोण बसले होते? तो म्हणाला, "हमकू बुलायाच नहीं किसीने." मग कागदावरची तारीख मोठ्याने वाचून दाखवली. तोवर गप्प बसलेली लेक एकदम बोलली, "उस दिन तो ननद की हल्दी थी. मैं वहींच थी. सबकी रोटियां मैंच डाली."

हळदीला कोण कोण आले होते, त्यांची नावे आम्ही त्याच कागदाच्या पाठीवर लिहून घेतली आणि दोघांना मेहकरच्या वकिलाकडे धाडले.