पुरात पहिली भेट नको

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून किल्लारी झोपली होती. पहाटे भूकंप झाला, दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर महाराष्ट्रानं आपत्तीचे आराखडे हाती घेतले. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं.

आपल्या गडचिरोलीत पुराचं भय जास्त. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेनं भामरागड किती वेळा तोडलं, आठवा. अशा वेळी अडलेली बाई दवाखान्यात पोचते ती आशाताई, नर्सबाई, नावाडी, १०८ चा ड्रायव्हर आणि डॉक्टर अशा पाच जणांच्या हातून. पाचही जण शिकले वेगवेगळे. ओळख होते ती थेट पुरातच!

आपल्याच धानोरा तालुक्यातल्या चातगावच्या ‘सर्च’नं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळ वाचवायला शिकवलं. डिग्री नव्हती, सराव होता. बालमृत्यू निम्म्याहून खाली आले, जगानं दखल घेतली.

२०२४ ला गडचिरोलीत मेडिकल कॉलेज सुरू झालं. आता मेडिकलची पोरं अन् नर्सिंगच्या मुली एकाच डोंग्यात बसवा, एकाला पेशंट करा, आशाताईला सांगू द्या काय झालं ते. अन् हे मे महिन्यातच करा, जुलैत नाही.